पानामागे किती पडतं?

ज्या व्यासपीठावर एरवी संतवाङ्मय, अर्थसंकल्प आणि पाणीप्रश्न यांवर बोललं जातं, तिथे घरातल्या प्रिंटरवर तासभर बोलायचं म्हणजे विषय जरा किरकोळच. पण श्रोत्यांपैकी बऱ्याच जणांच्या घरी टेबलाच्या कोपऱ्यात, जुना टॉवेल पांघरून, एक प्रिंटर बसलेला असतो. त्याची खबर विचारली की उत्तरं दोनच येतात: ‘शाई फार खातो’, नाहीतर ‘बंद पडलाय’.

प्रस्तुत वक्त्याच्या घरी दोन्ही उत्तरं एकाच वर्षात मिळाली. दुकानात सर्वांत स्वस्त दिसला तो प्रिंटर मोठ्या खुशीत घरी आला. मे महिन्यात सगळे गावी गेले, जूनमध्ये शाळा उघडायच्या सुमारास परतले, तर पानावर पांढरे पट्टे. मशीनने सुचवलं म्हणून ‘हेड क्लीनिंग’ तीनदा केलं. पट्टे गेले नाहीत, पण एकही रंगीत पान न छापता रंगीत कार्ट्रिज मात्र संपलं. नवी जोडी घ्यायला गेल्यावर दुकानदाराने जो आकडा सांगितला, त्यात थोडी भर घातली असती तर नवा प्रिंटर आला असता. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला ही म्हण जुनी असली, तरी कार्ट्रिजला तिच्याइतकी दुसरी कुठलीच बसत नाही.

असं का होतं, हे यंत्राच्या पोटात डोकावल्याशिवाय कळत नाही. १९७७ साली जपानमध्ये कॅनन कंपनीतले संशोधक इचिरो एंडो यांच्या हातून तापलेली सोल्डरिंगची सळई शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला चुकून लागली आणि सुईच्या टोकातून शाई उडाली. उष्णतेने बुडबुडा होतो, बुडबुडा थेंबाला बाहेर ढकलतो. घरोघरच्या कित्येक इंकजेट प्रिंटरांचं सगळं तत्त्व एवढंच. एपसनसारखी कंपनी उष्णतेऐवजी विजेने वाकणाऱ्या स्फटिकाने शाई ढकलते, पण भोकं दोन्हीकडे केसाहून बारीक. अशा भोकाच्या तोंडाशी शाई वाळली की पट्टे आलेच. बटण दाबून प्रिंटर बंद केला तर ही भोकं असलेलं हेड आपल्या जागी जाऊन झाकणाखाली बसतं. भिंतीवरचा स्विच तसाच बंद केला, की ते कधीकधी उघड्यावरच राहतं. वीज वाचवायची म्हणून रोज रात्री बोर्डावरचा स्विच बंद करणारे सज्जन असे नकळत शाई वाळवत असतात.

दुकानात शिरल्यावर गिऱ्हाईक विचारतं, ‘हा केवढ्याला?’ विचारायला हवं ते वेगळंच: एका पानामागे किती पडतं? हे उत्तर दुकानदाराच्या तोंडी नसतं, कार्ट्रिजच्या खोक्यावर आणि कंपनीच्या माहितीपत्रकात असतं. एचपीचं ६८२ क्रमांकाचं काळं कार्ट्रिज सुमारे ४८० पानं देतं आणि त्याच मालिकेतलं तिरंगी कार्ट्रिज १५०. एपसनच्या टाकीवाल्या प्रिंटरांत जाणारी ००३ क्रमांकाची ६५ मिलिलिटरची काळी बाटली ४,५०० पानं चालते. कॅननच्या जी मालिकेतली जीआय-७९० ही काळी बाटली ६,०००. लेझर प्रिंटरांत आपल्याकडे वर्षानुवर्षं ऑफिसांतून आणि झेरॉक्सच्या दुकानांतून नांदलेलं १२ए टोनर २,००० पानं.

हे आकडे हवेतले नाहीत. त्यासाठी आंतरराष्ट्रीय मानकं आहेत: काळ्या लेझरसाठी आयएसओ १९७५२ आणि इंकजेटसाठी २४७११. ठरावीक नमुना पानं सलग छापून मोजणी होते. मात्र ती नमुना पानं रोमन लिपीतली असतात. आपली लिपी प्रत्येक शब्दावर एक शिरोरेघ ओढते, वर वेलांटी, खाली उकार. शिवाय घरात सलग कुणी छापत नाही. आज दोन पानं, मग आठ दिवस काही नाही, आणि मशीन मधेच स्वतःच्या सफाईसाठी शाई पिऊन घेतं. म्हणून खोक्यावरच्या आकड्यातून थोडं वजा करूनच हिशेब मांडावा.

हिशेब मांडूच. एक घर धरू. मुलगी आठवीत, शिष्यवृत्तीच्या सराव प्रश्नपत्रिका छापून हव्यात. वडील सोसायटीचे सचिव, म्हणजे नोटिसा आणि सभेची इतिवृत्तं. आजोबांची औषधांची कागदपत्रं. महिन्याला ६० पानं, वर्षाला ७२०. दर गावोगाव आणि महिन्यागणिक बदलतात, तेव्हा सोयीसाठी काळं आणि रंगीत कार्ट्रिज प्रत्येकी ९०० रुपयांना, शाईची बाटली ४०० रुपयांना आणि ५०० कागदांचं रीम ३०० रुपयांना मिळालं असं समजू. कार्ट्रिजवर काळ्या पानाची शाई पडते एक रुपया नव्वद पैसे, रंगीत पानाची निव्वळ रंगाची सहा रुपये. बाटलीवर काळं पान पडतं नऊ पैसे.

नऊ पैसे! हे ऐकून टाकीवाला प्रिंटर घ्यायला लगेच धावणाऱ्यांनी जरा थांबावं. टाकीवाला प्रिंटर कार्ट्रिजवाल्यापेक्षा सात हजारांनी महाग असला, तर काळ्या पानामागे एक रुपया ऐंशी पैसे वाचवत तो फरक भरून निघायला सुमारे ३,९०० पानं लागतात. या घराला त्यासाठी पाच वर्षांहून जास्त काळ लागेल. रंगीत छपाई बरीच असेल तर मात्र गणित पालटतं, बाराशेच्या आसपास पानांतच फरक वसूल होतो. म्हणजे टाकी चांगली की वाईट हे टाकीवर ठरत नाही, महिन्याच्या पानांवर आणि त्यातल्या रंगीत पानांवर ठरतं.

टाकीवाल्या प्रिंटरचा जन्मही मोठा मजेदार आहे. कार्ट्रिजच्या किमतीला वैतागलेल्या आशियाई बाजारांत दुकानदारांनी स्वतःच उपाय काढला होता: प्रिंटरच्या कुशीला बाहेरून चार डबे लावायचे आणि बारीक नळ्यांनी शाई आत सोडायची. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर नळ्या लोंबणारे असे प्रिंटर ज्यांनी पाहिले, त्यांना रुग्णालयातलं सलाइन आठवलं असेल. शाई सांडायची, कधी प्रिंटर निकामी व्हायचा, पण पान स्वस्त पडायचं. अखेर एपसनने २०१० साली इंडोनेशियात अधिकृत टाकीचा प्रिंटर बाजारात आणला आणि पुढे इतर कंपन्यांनाही त्याच वाटेने यावं लागलं. शाईच्या अडचणीतून मार्ग काढायची खोड मुंबईला नवी नाही. इथले मुद्रक गणपत कृष्णाजी यांनी १८३१ साली पंचांग छापलं तेव्हा छापायची शाईसुद्धा त्यांनी खटपट करून स्वतःच तयार केली होती.

लेझरचं तंत्र वेगळं. त्यात शाई नसते, पूड असते, आणि पूड वाळत नाही. दोन महिने प्रिंटर बंद ठेवून उघडला तरी पहिलं पान स्वच्छ येतं. ज्या घरात छपाई लहरीनुसार होते आणि रंगाची गरज नाही, तिथे काळा-पांढरा लेझर हाच शहाणपणाचा, असं प्रस्तुत वक्त्याचं स्पष्ट मत आहे. खरेदी करताना मॉडेलच्या शेवटची अक्षरं वाचावीत. ब्रदरच्या यंत्रांत डी म्हणजे कागदाच्या दोन्ही बाजू आपोआप छापणारं, डब्ल्यू म्हणजे वायफाय. आणखी एक गोष्ट बघावी ती ड्रमची, म्हणजे पूड कागदावर उतरवणाऱ्या नळकांड्याची. १२ए मध्ये ड्रम आणि टोनर एकाच डब्यात असतात. ब्रदरच्या एचएल-एल२३२१डी या यंत्रात २,६०० पानांचं टोनर वेगळं आणि १२,००० पानांचा ड्रम वेगळा.

गल्लीतला रिफिलवाला १२ए मध्ये काहीशे रुपयांत पूड भरून देतो आणि पान पैशांवर येतं, हे खरं. पण दोन-तीनदा भरल्यावर तोच ड्रम झिजतो आणि पानाच्या कडेला करडी रेघ उमटायला लागते. तेव्हा रिफिलवाल्याला दोष न देता ड्रम बदलायला सांगावं. लेझरची पूड कागदावर पक्की बसवणारा रूळ सुमारे २०० अंशांपर्यंत तापतो, त्यामुळे सुरू होताना तो वीज जोरात ओढतो. घरच्या छोट्या यूपीएसवर त्याला जोडू नये. भारनियमनाच्या गावात इंकजेट या एका बाबतीत गरीब आणि सोशिक.

बाहेरची शाई भरणं गुन्हा नाही, पण कंपन्यांना ते रुचत नाही. २०१६ साली एचपीच्या काही प्रिंटरांनी एका अपडेटनंतर परकी कार्ट्रिजं नाकारायला सुरुवात केली. ओरड झाली आणि कंपनीला तो अडसर काढायची सोय द्यावी लागली. २०२० साली इटलीच्या स्पर्धा नियामकाने याच प्रकारासाठी त्या कंपनीला एक कोटी युरोंचा दंड केला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तर २०१७ मध्ये लेक्समार्क या प्रिंटर कंपनीच्या खटल्यात सांगितलं, की एकदा विकलेल्या कार्ट्रिजवर कंपनीचा पेटंटचा हक्क उरत नाही. तात्पर्य, स्वस्त शाईच्या आशेने कार्ट्रिजवाला प्रिंटर घ्यायचा असेल, तर त्याच्या खोक्यावरची बारीक अक्षरं आधी वाचावीत.

आता कागद. वर धरलेल्या दराने एक कागद ६० पैशांचा. म्हणजे टाकीवाल्या प्रिंटरवर कागद हा शाईच्या जवळजवळ सातपट महाग! तिथे शाई वाचवायला ‘ड्राफ्ट’मध्ये फिकट छापत बसणं म्हणजे तांदूळ सांडून मीठ वेचणं. टाकी असेल तर दोन्ही बाजूंनी छापावं आणि कार्ट्रिज असेल तर शाई आवरावी. पाठपोट छपाईला आता प्रतिष्ठाही आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये परिपत्रक काढून ए४ कागदाच्या दोन्ही बाजू वापरायला सांगितल्या, कागद किमान ७५ जीएसएमचा. जे न्यायालयाला चालतं, ते सोसायटीच्या इतिवृत्ताला चालायला हरकत नाही.

अक्षराच्या वळणाचाही खर्चाशी संबंध असतो. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या ग्रीन बे शाखेने २०१० साली शाई वाचवायला एरियल सोडून सेंच्युरी गॉथिक हे बारीक रेषेचं वळण घेतलं. पण ते अंगाने रुंद, त्यामुळे मजकूर लांबून कागद वाढण्याची शक्यता. मराठीत असाच पेच ‘मंगल’ या वळणाने घातला आहे. त्यात ओळींमध्ये इतकी जागा सुटते, की एका पानाची नोटीस दुसऱ्या पानावर जाते आणि तिथे फक्त ‘आपला विश्वासू’ एवढंच उरतं. ‘कोकिळा’ आटोपशीर आहे. मात्र त्याच पॉइंटला ते बारीक दिसतं म्हणून आकार वाढवावा लागतो. तरीही नोटीस एका पानात बसते.

सर्वांत महागडं पान मात्र वळणामुळे तयार होत नाही. बाईंनी व्हॉट्सअ‍ॅपवर गृहपाठ पाठवला, आईने त्याचा स्क्रीनशॉट काढला, फोन ‘डार्क मोड’वर. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं, आणि ते चित्र तसंच प्रिंटरला दिलं. बाहेर आलेला कागद ओला होता, वाळताना पापडासारखा वाकला, आणि एका पानात कित्येक पानांची शाई गेली. तोच मजकूर आधी पांढऱ्या पानावर घेतला असता, तर? तसंच पाठ्यपुस्तकांचं. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, म्हणून अख्खं रंगीत पुस्तक घरी छापायला बसणाऱ्या पालकांनी दुकानातल्या पुस्तकाची किंमत एकदा बघावी.

काही कागद तर छापायचीच गरज नसते. रेल्वेचं ई-तिकीट फोनवर दाखवता येतं. डिजिलॉकरमधला वाहन चालवण्याचा परवाना मान्य करावा, असं केंद्राने २०१८ मध्ये राज्यांना कळवलं आहे. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत घरबसल्या उतरवून घेता येतो. तो बँकेत द्यायचा तेव्हा छापावा, नाहीतर फोनमध्ये राहू द्यावा.

आणि कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला? कंपनीच्या नावावरून आपण त्याच्या धंद्याला हे नाव दिलं आणि आता ते मराठीच झालं. ‘काका, कलर काढू का ब्लॅक?’ असं विचारून तो पानामागे दोन-तीन रुपये घेतो. महिन्याला पंधरा-वीस पानं लागणाऱ्या घराला याहून स्वस्त प्रिंटर जगात नाही. फोटोंना तर घरचा प्रिंटर वापरूच नये, स्टुडिओत जावं. फक्त आधार कार्ड किंवा बँकेचे कागद त्याच्या ईमेलवर पाठवून छापले, तर काम झाल्यावर समोर उभं राहून ते पुसून घ्यायला विसरू नये.

पावसाळ्यापुरती एक सूचना. कोकणात आषाढात कागद दमट होतो, दोन-दोन पानं एकदम आत ओढली जातात आणि अडकतात. रीमचं वेष्टन फाडून फेकू नये. उरलेला गठ्ठा त्याच वेष्टनात गुंडाळून लोखंडी कपाटात ठेवावा आणि ट्रेमध्ये वीस-पंचवीसच कागद घालावेत. इंकजेट असेल तर आठवड्यातून एकदा चारही रंगांचं एक छोटं पान काढावं.

प्रस्तुत वक्त्याने दुसरा प्रिंटर घेण्याआधी सहा महिने एका जुन्या वहीत पानं टिपली, झेरॉक्सवाल्याकडची धरून. ती वही आज सोबत आणली आहे. जानेवारी ४१, फेब्रुवारी ५८, मार्च ९६, एप्रिल १२, मे शून्य, जून ७०. रंगीत पानं सहा महिन्यांत एकूण अकरा, त्यांतली चार वाढदिवसाच्या पताकांची. घरी काळा-पांढरा लेझर आला. पताका झेरॉक्सवाल्याकडे गेल्या.