मत कोणास दिले हे सांगावे काय?

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले एक सेवानिवृत्त शिक्षक. विद्वत्तेचे भाषण आमच्याकडून होणार नाही. तथापि निवडणुकीच्या कामावर आम्ही अनेक वेळा गेलो आहोत, आणि आपल्या मंडळातील तरुणांनी यंदा जो उद्योग केला, त्याविषयी बोलणे आम्हांस भाग आहे.

१५ जानेवारी २०२६ रोजी पिंपरी-चिंचवड महापालिकेचे मतदान झाले. त्यापूर्वीचे मतदान २०१७ सालचे. मधली जवळजवळ चार वर्षे प्रशासकाच्या कारभारात गेली. एवढी वाट पाहून लोक केंद्रावर गेले, तो बोटावरील शाई पुसली जाते अशी ओरड सुरू झाली. तरुणांनी मग मंडळाच्या सभागृहात एक वही मांडली. मतदान करून येणाऱ्याने आपले नाव, यादीतील क्रमांक व मत कोणास दिले ते लिहून खाली सही करावयाची, आणि पुढे ते निकालाशी ताडून पाहावयाचे. हेतू निर्मळ होता, याविषयी आमच्या मनात शंका नाही.

सायंकाळपर्यंत एकोणचाळीस सह्या झाल्या. एका प्रभागात चार जागा, म्हणजे प्रत्येकाची मते चार. ती चारही नावे धडपणे सांगणारे थोडेच निघाले! शिवाय एका बाकावरील मुलांच्या उत्तरपत्रिका पाहून कोणी शाळेचा निकाल लावीत नाही. पण खरी गोष्ट रात्री कळली. भोसरीच्या एका कारखान्यात कंत्राटावर काम करणारा, मूळचा मराठवाड्यातील एक तरुण आमच्या घरी आला. तो म्हणाला, “गुरुजी, वहीत लिहिले ते खरे नाही. घरमालक शेजारीच उभे होते.” सही खरी, क्रमांक खरा, आणि मत तेवढे खोटे. अशी वही कशाचा पुरावा होणार?

आमच्या नोकरीच्या आरंभीच्या काळात अनेक केंद्रांवरील मतपत्रिका एकत्र मिसळून मग मोजीत. कोणत्या गावाने वा वस्तीने कोणास मते दिली हे कळू नये, हा त्यातील हेतू. यंत्र आले आणि केंद्रागणिक आकडा उघडा झाला. अनेक यंत्रांची बेरीज एकत्र दाखविणारे ‘टोटलायझर’ हे साधन निवडणूक आयोगाने २००८ मध्ये सुचविले, विधि आयोगाने २०१५ मध्ये त्याची शिफारस केली; ते काही वापरात आले नाही.

माळशिरस तालुक्यातील मारकडवाडीचे प्रकरण आपणांस स्मरत असेल. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत तेथे विजयी उमेदवारास ८४३ व पराभूत उमेदवारास १००३ मते पडली. आपल्या गावाने असे मतदान केलेच नाही, असे अनेक गावकऱ्यांचे म्हणणे. त्यांनी ३ डिसेंबर २०२४ रोजी स्वतःच मतपत्रिकांवर फेरमतदान घेण्याचे ठरविले. प्रशासनाने जमावबंदी लावली, मतदान रद्द झाले, वर गुन्हे नोंदविले गेले. अशा मतदानास कायद्याचा आधार नव्हता हे खरे. पण शंका घेणाऱ्यास पोलीस दाखविल्याने शंका फिटत नाही, हेही तितकेच खरे. वर्गात मुलाने हिशेब पुन्हा तपासा म्हटले, तर आम्ही त्यास छडी दाखवीत नव्हतो. (क्वचित दाखविली असेल, ते आज कबूल करतो.)

आपल्या शेजारच्या चाकणचे उदाहरण ताजे आहे. तेथे नगरपरिषदेचे मतदान २ डिसेंबर २०२५ रोजी झाले. मोजणी दुसऱ्याच दिवशी व्हावयाची. परंतु काही ठिकाणचे मतदान २० डिसेंबरवर गेल्याने उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सर्व निकाल २१ डिसेंबरला लावण्याचा आदेश दिला. मतदानोत्तर चाचण्यांचे अंदाजही तोवर प्रसिद्ध करावयाचे नव्हते. एकोणीस दिवस यंत्रे कुलपात, आणि राज्यात ठिकठिकाणी कार्यकर्ते थंडीत गोदामांबाहेर पहारा देत बसलेले!

लोकसभा-विधानसभेच्या यंत्रास निदान कागदी चिठ्ठीची जोड आहे. दर विधानसभा क्षेत्रातील पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजून ताळा पाहतात. सर्वोच्च न्यायालयाने २६ एप्रिल २०२४ रोजी सर्व चिठ्ठ्या मोजण्याची मागणी नाकारली. मात्र दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारांस पाच टक्के यंत्रे तपासून घेण्याची मुभा दिली. आपल्या महापालिकेच्या मतदानात ही चिठ्ठीच नव्हती. बहुसदस्यीय प्रभागासाठी तसे यंत्र नाही, असे राज्य निवडणूक आयोगाचे म्हणणे. ते यंत्र करवून घ्यावे, आणि चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या केंद्रांवरील कागद सर्वांसमक्ष मोजावेत, असा अर्ज मंडळाने आयोगाकडे करावा. तपासणी यंत्राची व्हावी, मतदाराची नव्हे.

आता त्या वहीविषयी. पुढील निवडणुकीस उभे राहू इच्छिणाऱ्या एका गृहस्थांनी ती ‘नुसती पाहण्यास’ मागितली आहे. मंडळास देणगी देण्याची इच्छाही त्यांनी त्याच बैठकीत बोलून दाखविली. वही सांप्रत आमच्या कपाटात आहे. ती आम्ही त्यांस दिलेली नाही. ज्या एकोणचाळीस जणांच्या सह्या आहेत, त्यांनी सभा संपल्यावर आमच्याकडे यावे. ज्याचे त्याचे पान फाडून ज्याच्या त्याच्या हाती देऊ.