वरच्या श्रेणीत केव्हा?

(शारीरिक शिक्षणाचे शिक्षक व पालक यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



तालुक्याच्या स्पर्धेत एखाद्या मुलीने जिम्नॅस्टिक्समध्ये पहिला क्रमांक मिळविला की दुसऱ्याच दिवशी घरात, शाळेत आणि पंचक्रोशीत एकच प्रश्न निघतो : आता हिला वरच्या श्रेणीत केव्हा उतरवावयाचे? प्रश्न कौतुकापोटी विचारला जातो आणि त्याचे उत्तरही बहुधा कौतुकाच्या भरातच दिले जाते. वास्तविक त्या उत्तरावर त्या मुलीची मनगटे, पाठीचा कणा आणि पुढील दहा वर्षांचा खेळ अवलंबून असतो.

शालेय स्पर्धांत १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे गट वयावरून ठरतात. वय ओलांडले की गट आपोआप बदलतो. परंतु त्या गटात मुलाने सोप्या कसरतींचा संच करावा की अवघड, हे शिक्षकालाच ठरवावे लागते. काही व्यायामशाळांत तर श्रेणीच तयारीवरून दिली जाते. दोन्हीकडे प्रश्न मुळात एकच आहे.

प्रथम गुणांचा हिशेब पाहू, कारण घाई करणारी मंडळी गुणांचेच निमित्त पुढे करतात. २००६ पासून आंतरराष्ट्रीय नियमावलीत कसरतींच्या काठिण्याचे गुण आणि सफाईचे गुण वेगवेगळे मोजले जातात. महिलांच्या बार, बीम आणि फ्लोअर या प्रकारांत सर्वांत सोप्या वर्गाच्या कसरतीला ०.१, पुढील वर्गाला ०.२, त्यापुढे ०.३ असे मूल्य चढत जाते. उलटपक्षी, एकदा पडल्यास पूर्ण १ गुण वजा होतो. समजा, ०.१ मूल्याची खात्रीची कसरत काढून तिच्या जागी ०.३ मूल्याची बसविली. लाभ झाला ०.२ चा. ती मुलगी पाच वेळांपैकी एकदाच पडत असली, तरी सरासरीने तोटाही ०.२ चाच होतो. म्हणजे सारा लाभ तेथेच संपला. वाकलेला गुडघा, सुटलेली पावले, उतरताना पुढे पडलेले एक पाऊल यांची वजावट निराळीच. (बीमची रुंदी अवघी १० सेंटिमीटर आणि उंची १२५ सेंटिमीटर असते, ही गोष्ट बाकावर बसून ‘अजून उंच उडी मार’ असे ओरडणाऱ्या काकांच्या ध्यानात राहत नाही.)

तेव्हा ‘काल एकदा जमले’ याला तयारी म्हणता येणार नाही. मुलगी ताजीतवानी असताना आणि थकलेली असताना, परक्या गावच्या साधनावर, आधीची कसरत बिघडल्यानंतरही, दहांपैकी नऊ वेळा जी निघते ती तयार कसरत. हा आकडा नियमपुस्तकातील नव्हे, व्यवहारातील आहे. कसरती सुट्या सुट्या उत्तम निघतात आणि सलग संचात मात्र शेवटची उतरण्याची उडी कोसळते, असा प्रकार पुष्कळदा दिसतो. तेथे उणीव कौशल्याची नसून बळाची असते. अशा मुलाला नवी कसरत देण्याऐवजी जुनीच सलग करावयास लावणे अधिक हिताचे.

ही दृष्टी आपल्याकडे नवी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाचे पुनरुज्जीवन केले आणि पुढे ही विद्या वडोदरा, ग्वाल्हेर, उज्जैन येथील आखाड्यांत रुजली. तेथील जुनी शिस्त हीच, की अढी पक्की झाल्याखेरीज पुढील उड्यांचे नाव काढावयाचे नाही. मग शिष्य सावकाराचा मुलगा असो की मोलकरणीचा.

आता शरीराचा विचार. मुलींची उंची साधारणतः ११ ते १२ व्या वर्षी सर्वांत वेगाने वाढते, मुलांची त्यानंतर सुमारे दोन वर्षांनी. या काळात हाडांच्या टोकांशी वाढीची कूर्चा असते आणि ती पक्क्या हाडापेक्षा दुबळी असते. जिम्नॅस्टिक्समध्ये हातांना पायांचे काम करावे लागते. त्यामुळे मनगटाजवळच्या कूर्चेवर वारंवार भार पडून ती दुखावते. टाच आणि गुडघ्याखालचा उंचवटा यांचीही तीच कथा. पाठ पुन्हा पुन्हा मागे वाकविल्याने कमरेच्या मणक्याला बारीक चीर पडू शकते, आणि घरची मंडळी ‘उसण भरली’ असे समजून तेल चोळीत बसतात. खेळणाऱ्या मुलाची कंबर दोन-तीन आठवडे दुखत राहिली तर त्याला डॉक्टरांकडेच नेले पाहिजे, आणि तोपर्यंत वरच्या श्रेणीचा विषय बंद ठेवला पाहिजे.

याच सुमारास आणखी एक गोष्ट घडते. हातपाय झपाट्याने लांबतात. स्नायूंचे बळ मात्र मागाहून येते. लांबलेले शरीर हवेत सावकाश फिरते. परवापर्यंत पुरी होणारी कोलांटी आज अपुरी पडते. मग मुलगी आळशी झाली, तिचे लक्ष उडाले, असा ठपका तिच्यावर येतो. तिचा यात काडीइतकाही दोष नसतो. शिक्षकाने दर महिन्याला भिंतीवर खूण करून प्रत्येक मुलाची उंची वहीत नोंदवावी. एक पेन्सिल आणि एक वही, एवढाच खर्च. उंची एकाएकी वाढू लागल्याचे दिसताच त्या हंगामात आहे तीच श्रेणी कायम ठेवावी.

लहान वयातच शिखर गाठावे लागते, नाही तर संधी गेली, ही समजूत नादिया कोमानेचीमुळे दृढ झाली. १९७६ साली माँट्रियल येथे तिने पहिले पूर्ण १० गुण मिळविले, तेव्हा ती १४ वर्षांची होती. परंतु नियम पुढे बदलले. महिलांसाठी वयाची किमान मर्यादा १९८१ मध्ये १५ आणि १९९७ मध्ये १६ झाली. आज नादियाला त्या वयात ऑलिंपिकमध्ये उतरताच आले नसते. उलट, उझबेकिस्तानची ओक्साना चुसोवितिना २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ४१ व्या वर्षी खेळली. त्याच स्पर्धेत आगरताळ्याच्या दीपा कर्माकरने व्हॉल्टमध्ये १५.०६६ गुणांसह चौथे स्थान मिळविले. तिसरे स्थान केवळ ०.१५० ने हुकले. तिचे तळवे जन्मतः सपाट, वय त्या वेळी २३. पुढे गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, आणि तरीही २०२४ मध्ये ताश्कंद येथे आशियाई अजिंक्यपदाचे सुवर्णपदक तिने ३० व्या वर्षी जिंकले.

भीती हा विषय नाजूक आहे. नव्या कसरतीपूर्वी सर्वांनाच थोडी धास्ती वाटते, ती सरावाने जाते. पण मूल धाव घेऊन मध्येच थांबू लागले, सरावाच्या दिवशीच पोट दुखू लागले, जी कसरत येत होती तीही टाळू लागले, तर ‘घाबरट’ म्हणून हिणवू नये. ते आपल्या परीने उत्तरच देत असते. त्याला एकट्याला जवळ बसवून, वडील माणसे दूर ठेवून, ‘बाळा, तुला काय वाटते?’ असे विचारावे आणि त्याचा नकार हा नकारच मानावा.

अधिकारी वर्गाने ध्यानी घ्यावयाची एक गोष्ट जन्मतारखेची. शाळेच्या रजिस्टरातील तारीख आणि जन्मदाखल्यातील तारीख यांत अंतर असणे खेड्यापाड्यांत नवे नाही, आणि त्या अंतराचा लाभ उठविण्याचा मोहही नवा नाही. २००० च्या सिडनी ऑलिंपिकमधील चीनच्या महिला संघाचे कांस्यपदक, संघातील एक खेळाडू त्या वेळी केवळ १४ वर्षांची होती असे सिद्ध झाल्यामुळे, २०१० मध्ये काढून घेण्यात आले. पदक साऱ्या संघाचे गेले. दाखल्याची पडताळणी प्रवेशिका भरतानाच व्हावयास हवी. स्पर्धेच्या मैदानावर तो वाद निघाला तर भर चारचौघांत अपमान मुलाचा होतो.

शेवटी साधनांविषयी. मुलाची तयारी पूर्ण आहे, पण शाळेत उतरण्यासाठी गादी एकच आणि तीही मधोमध दबलेली, अशी स्थिती असेल तर हवेतील कोलांट्यांचा संच त्या शाळेत शिकवू नये. अशा मुलाला आठवड्यातून एक-दोन दिवस जवळच्या सुसज्ज व्यायामशाळेत पाठविण्याची सोय मुख्याध्यापक आणि पालक यांनी मिळून करावी. जाण्यायेण्याचे भाडे नव्या गादीच्या किमतीपेक्षा पुष्कळच कमी पडते. तीही सोय होईपर्यंत खालच्या श्रेणीचा संच चालू ठेवावा.