हवा ओली, पान कोरडं



रिकामी पडलेली खोली झाडूनपुसून तिथे मनीप्लांट, सिंगोनियम, फिलोडेंड्रॉन अशा शोभेच्या झाडांची रोपं करायची आणि नर्सरीला द्यायची, असं काम काही गट करतात. त्यांच्याकडून एक प्रश्न नेहमी येतो, “ताई, रोज दोनदा फवारतो, तरी काही पानांच्या कडा करपतात, काही पानं कुजतात. असं कसं?”

याचं उत्तर खोलीच्या हवेत आहे. गरम हवेत जास्त बाष्प मावतं, गार हवेत कमी. म्हणून दुपारी खोली तापली की हवा कोरडी पडते आणि पानांच्या कडा वाळतात. रात्री खोली गार झाली की तेच बाष्प दव होऊन पानांवर बसतं. त्यात संध्याकाळी फवारलं, तर पान रात्रभर ओलं राहतं आणि बुरशीला आयतं घर मिळतं.

म्हणून आधी मोजा, मग पाणी घाला. आर्द्रतामापक नसेल तर दोन सारखे तापमापक घ्या. एकाच्या टोकाला ओलं सुती कापड गुंडाळा आणि पाच मिनिटं वारा घाला. दोन्ही आकडे सारखे आले तर हवा ओलीचिंब. कोरडा 30 अंश आणि ओला 24 दाखवत असेल तर आर्द्रता साधारण 60 टक्के, म्हणजे या झाडांना छान. ओला 18 वर उतरला तर हवा फारच कोरडी. उन्हाळ्यात असं होतं. तेव्हा पानांच्या मागे बारीक जाळी दिसते का बघा. ती लाल कोळीची खूण असते.

ओलावा वाढवायचा तर पानं भिजवू नका, हवा भिजवा. कुंड्या जवळजवळ ठेवा, पण पानाला पान घासू देऊ नका. खिडकीला ओलं गोणपाट लावा, जमिनीवर वाळू पसरून सकाळी शिंपडा. फवाऱ्याचा ओलावा थोड्याच वेळात उडून जातो. नुकत्या लावलेल्या छाटांना मात्र जास्त ओलावा लागतो. त्यांच्यावर पारदर्शक प्लास्टिक टाका आणि रोज थोडा वेळ उघडा. सर्पपर्णी, कोरफड, निवडुंग यांना कोरडी जागाच बरी.

पावसाळ्यात गोणपाट काढा. समोरासमोरच्या खिडक्या उघडा किंवा पंखा मंद ठेवा. भिंतीला कुबट वास येऊ लागला तर खोली आधी वाळवा.

आता घरच्यांच्या जिवाची गोष्ट. कुंडीखालच्या ताटलीत साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत डास उडतो. म्हणून आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा. ताटल्या ओता, घासून पुसा. कडेला चिकटलेली अंडी नुसतं पाणी ओतून जात नाहीत. विजेचा बोर्ड पाण्यापासून लांब ठेवा. त्या खोलीत धान्याची पोती ठेवू नका, लेकरांना झोपवू नका. दमा असलेल्या बाईला तिथलं काम देऊ नका.

गटाच्या बैठकीत एक वही काढा. सकाळ, दुपार, रात्र असे तीन आकडे आठवडाभर लिहा. फवारायचं की खिडकी उघडायची, हे वहीच सांगेल. रोपं जगली तरच गटाच्या कर्जाचा हप्ता सुटेल.