व्हर्साय : राजाचं गाव, लोकांची सभा



पॅरिसपासून सुमारे वीस किलोमीटरवर व्हर्साय हे शहर आहे. इथे आधी राजवाडा झाला आणि शहर मागून आलं. १६२३ साली तेराव्या लुईने या खेड्यात शिकारीसाठी एक छोटं घर बांधलं. त्याच्या मुलाने, चौदाव्या लुईने, त्या घराचा महाल केला आणि ६ मे १६८२ रोजी दरबारासकट सरकारच तिथे हलवलं. महालासमोर येऊन मिळणाऱ्या तीन रुंद रस्त्यांभोवती शहर आखलं गेलं.

राजाने राजधानी का सोडली? तो दहा वर्षांचा असताना पॅरिसमध्ये बंडाळी माजली आणि त्याला रातोरात शहराबाहेर न्यावं लागलं. त्या बंडात पुढे मोठमोठे सरदारही उतरले. व्हर्सायमध्ये त्याने सरदारांना डोळ्यांसमोर ठेवलं. सकाळी राजाच्या हाती सदरा देण्याचा मान कुणाचा, यावरून त्यांच्यात चुरस लागे. फौजा जमवणारी घराणी मानपानात गुंतली.

पण पॅरिसपासून दूर राहता राहता राजघराणं लोकांनाही परकं झालं. ५ मे १७८९ रोजी धर्मगुरू, सरदार आणि सामान्य या तिन्ही वर्गांच्या प्रतिनिधींची सभा व्हर्सायलाच भरली. २० जूनला सभागृह बंद दिसताच सामान्यांचे प्रतिनिधी जवळच्या टेनिस कोर्टात जमले आणि राज्यघटना होईपर्यंत पांगायचं नाही, अशी त्यांनी शपथ घेतली. ऑक्टोबरमध्ये भाकरीसाठी खवळलेल्या पॅरिसच्या बायका पायी चालत आल्या. दुसऱ्या दिवशी तेव्हाच्या राजाला, सोळाव्या लुईला, कुटुंबासह पॅरिसला जावं लागलं.

राजे गेले, तरी महालाचा दिमाख पुढच्यांनाही हवाच होता. १८ जानेवारी १८७१ रोजी फ्रान्सवर विजयी ठरलेल्या प्रशियाने इथल्या ‘आरसेमहाल’ या दालनात जर्मन साम्राज्याची घोषणा केली. २८ जून १९१९ रोजी फ्रान्सने त्याच दालनात पहिल्या महायुद्धात पराभूत झालेल्या जर्मनीकडून तहावर सही घेतली. हिंदुस्थानच्या वतीने सह्या केल्या त्या ब्रिटिश सरकारचे भारतमंत्री माँटेग्यू आणि बिकानेरचे महाराजा गंगासिंह यांनी. लोकमान्य टिळक तेव्हा लंडनमध्ये होते. शांतता परिषदेचे अध्यक्ष क्लेमांसो यांना पत्र लिहून त्यांनी हिंदुस्थानचा स्वयंनिर्णयाचा हक्क मांडला होता. तहात त्याला जागा मिळाली नाही.

आजही घटनादुरुस्तीसाठी फ्रेंच संसदेची दोन्ही सभागृहं एकत्र बसतात ती व्हर्सायला. ४ मार्च २०२४ रोजी गर्भपाताचं स्वातंत्र्य राज्यघटनेत आलं, ते इथल्याच मतदानाने. तेव्हा व्हर्सायला गेलात, तर आरसेमहाल पाहाच. पण ते टेनिस कोर्ट चुकवू नका. फ्रान्सचा पुढचा इतिहास तिथून सुरू झाला.