भाग ‘जाईलच’ की ‘जाऊ शकेल’?

(मंडळाच्या विद्यार्थी-मेळाव्यात दिलेले भाषण)



आपल्या ज्ञातीतील कित्येक मुलेमुली आज उच्च शिक्षणासाठी अमेरिकेकडे दृष्टी लावून आहेत. तेथील ज्या विद्यापीठांस जी. आर. ई. या प्रवेशपरीक्षेचे गुण लागतात, त्यांच्यासाठी ही परीक्षा द्यावी लागते. सप्टेंबर २०२३ पासून ती आटोपशीर झाली असून गणिताचे २७ प्रश्न ४७ मिनिटांत सोडवावयाचे असतात. म्हणजे एका प्रश्नास जेमतेम पावणेदोन मिनिटे. गणित मात्र बहुतांशी शाळेतलेच. त्यांपैकी विभाज्यतेविषयी चार शब्द सांगावेत, अशी मंडळाची आज्ञा झाली.

या परीक्षेत संगणकाच्या पडद्यावर कॅल्क्युलेटर मिळतो. तो दिसताच विद्यार्थी भागाकार करू लागतो आणि तेथेच फसतो. कारण विभाज्यतेचा प्रश्न बहुधा आकडेमोडीचा नसतो, तो संख्येच्या घडणीचा असतो.

एका संख्येस ४ ने भाग जातो आणि ६ नेही जातो; तर २४ ने जाईलच काय? घाईत आपण ‘होय’ म्हणतो. परंतु ३६ घेऊन पाहा. ४ ने भाग जातो, ६ ने जातो, २४ ने जात नाही. ४ आणि ६ यांत २ हा अवयव समाईक आहे. तो दोनदा मोजणे ही चूक होय. खात्रीने भाग जातो तो त्यांच्या लसाविने, म्हणजे १२ ने.

आता थोडा अवघड प्रश्न घेऊ. एका धन पूर्णांकाच्या वर्गास २०० ने निःशेष भाग जातो. तर त्या पूर्णांकास ज्या संख्येने भाग जाईलच, अशी मोठ्यात मोठी संख्या कोणती? आम्ही स्वतः परीक्षेस बसलो तेव्हा असल्याच प्रश्नास ४० हे उत्तर देऊन आलो होतो. ४० चा वर्ग १६००, त्यास २०० ने भाग जातो, एवढे पाहून आम्ही समाधान मानले. वस्तुतः २०० चे मूळ अवयव २, २, २, ५, ५. वर्गात प्रत्येक मूळ अवयव जोडीनेच येतो. म्हणून तीन ‘दोन’ पुरत नाहीत, निदान चार हवेत. तेव्हा मूळ संख्येत २, २ आणि ५ असलेच पाहिजेत. उत्तर २०. वीसचा वर्ग ४००. तोही अट पुरी करतो, पण २० ला ४० ने भाग जात नाही.

त्या वर्षी आम्हांस हवे तेवढे गुण मिळाले नाहीत, आणि वडिलांनी काटकसरीने जमविलेली फी वाया गेली. आम्ही गणितात कच्चे नव्हतो. मराठी शाळेत लसावि-मसावि चांगले घोटले होते. आम्ही चुकलो ते ‘मस्ट’ आणि ‘कुड’ या दोन इंग्रजी शब्दांत. ‘मस्ट’ म्हणजे ‘जाईलच’, ‘कुड’ म्हणजे ‘जाऊ शकेल’. ‘जाऊ शकेल’ यास एक उदाहरण पुरते. ‘जाईलच’ यास हजार उदाहरणेही अपुरी, आणि ते खोडण्यास मात्र एकच पुरे.

म्हणून विद्यार्थ्यांनी प्रथम तो शब्द कच्च्या कागदावर उतरून घ्यावा, मग मूळ अवयव पाडावेत, आणि भागाकार शेवटी, तोही लागलाच तर करावा. महागडे शिकवणीवर्ग न परवडणारे पालक या सभेत पुष्कळ आहेत. ही परीक्षा दिलेल्या तरुणांनी रविवारचा एक तास धाकट्या भावंडांस दिला, तर आमची चूक त्यांस पुन्हा करावी लागणार नाही. एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.