फिट आली तर आपण काय करायचं?

(संघटनेच्या सभेत आरोग्य कार्यकर्त्यांनी केलेलं बोलणं. पाड्यापाड्यावर वाचून दाखवावं.)



जमिनीच्या सभेत फिटचा विषय कशाला, असं काहींना वाटेल. पण पाड्यात कुणाला फिट आली की 'हे कुणी केलं' असा शोध सुरू होतो. बोट जातं एकट्या बाईकडे. तिला डाकीण ठरवून हुसकावलं की तिचा वनजमिनीचा प्लॉट कुणाच्या हातात जातो, ते आपण जाणतो. म्हणून हा विषय आपलाच आहे.

फिट म्हणा, मिरगी म्हणा, फेफरं म्हणा, हा मेंदूचा आजार आहे. मेंदूचं काम बारीक विजेवर चालतं. ती वीज एकाएकी भडकली की शुद्ध जाते, हातपाय झटके देतात, तोंडाला फेस येतो. जन्मताना बाळ गुदमरलं, डोक्याला मार लागला, मेंदूत ताप गेला, तर पुढे हा आजार जडू शकतो. डुकराच्या पट्टकृमीची अंडी घाण पाण्यातून, न धुतलेल्या भाजीतून पोटात गेली तरी जडतो. पुष्कळदा कारण सापडत नाही. पण शिवल्यानं तो लागत नाही, आणि कुणी पाठवूनही येत नाही.

फिट आली तर चूल, कोयता, दगड माणसापासून दूर करा. डोक्याखाली फडक्याची घडी ठेवा. गळ्याजवळचं कापड सैल करा. झटके ओसरले की कुशीवर वळवा, म्हणजे फेस बाहेर पडेल. पुरती शुद्ध येईपर्यंत जवळ बसा.

हातपाय दाबून धरू नका. दातात चमचा, काठी, बोट घालू नका. पाणी पाजू नका. चप्पल, कांदा हुंगवू नका. बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबते, नाव मात्र चपलेचं होतं!

पाच मिनिटं झाली तरी थांबत नसेल, शुद्ध न येता दुसरी आली, पहिल्यांदाच आली, पाण्यात पडून आली, बाई गरोदर असेल किंवा अंगात ताप असेल, तर थांबायचं नाही. 108 ला फोन करा. गाडी येत नसेल तर झोळी करून रस्त्यापर्यंत न्या. तापातले झटके मेंदूत गेलेल्या मलेरियाचेही असतात. तिथे रात्र काढणं जिवावर बेततं.

आता गोळीचं. रोज नेमानं गोळी घेतली तर दहातल्या सात जणांची फिट थांबू शकते. फिनोबार्बिटोनची स्वस्त गोळी 1912 पासून वापरात आहे. पण बरं वाटलं म्हणून गोळी एकदम सोडली तर फिट जास्त जोरानं येते. कधी बंद करायची ते डॉक्टरच सांगतील. ऊसतोडीला, वीटभट्टीवर निघताना जितके महिने बाहेर राहणार तितक्या गोळ्या मागून घ्या, डॉक्टरांचा कागद जवळ ठेवा. फिट येणाऱ्यानं एकट्यानं नदीत उतरू नये, मोहाच्या झाडावर चढू नये. बाकी शेती, शाळा, लग्न सगळं करावं.

भगताला बोलावायचं तर बोलवा, पण गोळी चुकवू नका. आणि त्यानं कुणा बाईचं नाव घेतलं, तर तिथेच अडवा. करणी केली म्हणून कुणाला छळणं हा महाराष्ट्रात 2013 च्या कायद्यानं गुन्हा आहे. आपल्या गावसभेनं हे ठरवून टाकावं: फिट आलेल्याला दवाखाना, आणि कुठल्याही बाईवर आळ नाही.

जिंदाबाद!