नवं डेबियन: कूच करण्याआधी

झाशीहून बोलतोय. गेल्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला: "साहेब, डेबियन १३ आलंय, टाकू का?" आजचा भाग त्याच प्रश्नावर. मी संगणकशास्त्र शिकलेला माणूस नाही. साधा पदवीधर, नोकरी सैन्यात सिग्नल्समध्ये झाली, आणि लिनक्सचा नाद निवृत्तीनंतर लागला. त्यामुळे जे स्वतः करून पाहिलंय तेवढंच सांगेन. त्यात एक चूकही आहे, तीही सांगणार आहे.

जे नव्याने ऐकतायत त्यांच्यासाठी दोन शब्द. डेबियन ही जगभरच्या स्वयंसेवकांनी चालवलेली लिनक्स प्रणाली. १९९३ साली सुरू झाली. उबुंटू तिच्यावरच उभी आहे, आपल्या सी-डॅकची बॉस प्रणालीही तिच्यावरच आधारलेली. साधारण दोन वर्षांनी नवी आवृत्ती येते आणि तिला 'टॉय स्टोरी' चित्रपटातल्या पात्रांची नावं देतात. बारावी बुकवर्म, जून २०२३ ची. तेरावी ट्रिक्सी, ९ ऑगस्ट २०२५ ला आली.

आता पहिला मुद्दा: घाई आहे का? नाही. बुकवर्मला नेहमीच्या सुरक्षा-सुधारणा जून २०२६ पर्यंत मिळतील, आणि त्यापुढे दीर्घ मुदतीचं काम पाहणारा वेगळा गट जून २०२८ पर्यंत ती सांभाळणार आहे. म्हणजे शेजाऱ्याने टाकलं म्हणून आज रात्री बसायचं कारण नाही. पण तारीख माहीत हवी. सुधारणा थांबल्यावरही मशीन चालतच राहतं, आणि तेच फसवं असतं.

नवीन काय? चौदा हजारांहून अधिक नवी पॅकेजेस, एकूण जवळपास सत्तर हजार. कर्नल ६.१२, लिब्रेऑफिस २५.२, जिम्प ३. पॅकेजेस बसवणारं एपीटी आता काय बसणार आणि काय निघणार हे वेगवेगळं आणि रंगीत दाखवतं. निघणारी नावं लाल रंगात येतात. माझ्या वयाच्या डोळ्यांना ही मोठीच सोय आहे.

आणखी एक काम पडद्यामागे झालंय. जुन्या ३२-बिट पद्धतीत वेळ मोजण्याचा आकडा १९ जानेवारी २०३८ ला भरून जातो, आपल्या वेळेप्रमाणे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी. ट्रिक्सीने तो आकडा ६४-बिटचा केला. अपवाद एकच: जुनं ३२-बिट इंटेल पद्धतीचं घराणं. त्या घराण्यासाठी आता ना इन्स्टॉलर आहे, ना कर्नल. जुने ३२-बिट प्रोग्राम ६४-बिट मशीनवर चालवण्यापुरतंच ते उरलंय. डेबियनचा सल्ला सरळ आहे: अशा मशीनवर अपग्रेड करू नका. शक्य असेल तर ६४-बिट प्रणाली नव्याने बसवा, नाहीतर मशीनला निरोप द्या.

आता माझी चूक. २०२३ साली मी अकरावरून बारावर जात होतो. मे-जूनमधली झाशी ज्यांनी पाहिलीय त्यांना सांगायला नको. दुपारी अपग्रेड सुरू केलं, अर्ध्यात वीज गेली. डेस्कटॉप, यूपीएसची बॅटरी मेलेली. पुन्हा सुरू केलं तर प्रणाली अर्धी इकडे, अर्धी तिकडे. खरं तर ते दुरुस्त होण्यासारखं होतं. अडकलेली पॅकेजेस पुन्हा मांडून घेण्याची आज्ञा असते, ती दिली असती तर बहुतेक गाडी रुळावर आली असती. पण मी चिडलो, पेन ड्राइव्ह लावला, सगळं नव्याने बसवायला घेतलं, आणि 'पूर्ण डिस्क वापरा' या पर्यायावर एंटर दाबलं.

त्या डिस्कवर माझ्या आईचा आवाज होता. शेवटच्या दोन वर्षांत मी तिला बोलतं केलं होतं: लहानपण, लग्न, बुंदेली शब्द मिसळलेली तिची मराठी. चौदा ध्वनिफिती होत्या. बहिणीला पाठवलेल्या तीन वाचल्या, अकरा गेल्या. वीज गेली म्हणून त्या गेल्या नाहीत, डेबियनमुळेही नाही. परतीची वाट न आखता निघालो म्हणून गेल्या. सैन्यात मी एकही तुकडी अशी हलवली नसती. घरात मात्र हलवली.

म्हणून हे पक्कं लक्षात ठेवा: डेबियनमध्ये पुढे जाता येतं, मागे येण्याची अधिकृत सोय नाही. तेरावरून बारावर उतरायची आज्ञा नसते. परतीची वाट म्हणजे तुमचा बॅकअप, दुसरी नाही. आणि उघडून न पाहिलेला बॅकअप म्हणजे नुसता विश्वास.

या थंडीत शेजारच्या वहिनींच्या मशीनचा प्रश्न आला. नेवाळकरांच्या काळापासून झाशीत मराठी घरं आहेत, तसंच त्यांचंही एक. त्यांच्या यजमानांनी घरातले जुने मोडी कागद स्कॅन करून ठेवले होते. मूळ कागदांपैकी बरेच नंतर वाळवीने खाल्ले. म्हणजे त्या मशीनमध्ये आहे तीच आता अस्सल प्रत. वहिनी म्हणाल्या, "कर्नलसाहेब, नवं-जुनं मला कळत नाही. ह्यांचे कागद जिथल्या तिथे राहिले पाहिजेत." मी म्हटलं, "वहिनी, आधी कागद, मग मशीन." त्याच क्रमाने जे केलं ते सांगतो.

एक. बाहेरच्या दोन हार्ड डिस्कवर प्रती घेतल्या. दोन्हीकडच्या फायलींची संख्या जुळवली, आणि माझ्या लॅपटॉपवर मधूनमधून चाळीसेक पानं उघडून पाहिली. एक प्रत वहिनींच्या कपाटात, दुसरी त्यांच्या मुलीकडे ग्वाल्हेरला. एकाच घरात दोन प्रती ठेवू नका.

दोन. मशीनची जात तपासली. टर्मिनलमध्ये 'एलएससीपीयू' ही आज्ञा दिली की प्रोसेसर ३२-बिट, ६४-बिट की दोन्ही चालवतो ते दिसतं. इथे दोन्ही होतं. पण कुणीतरी पूर्वी त्यावर ३२-बिट डेबियन बसवलेलं. म्हणजे अपग्रेड नाही, नव्याने बसवणं. केवळ ३२-बिट चालणारं मशीन निघालं असतं, तर प्रती काढून त्याला इंटरनेटपासून दूर ठेवायला सांगितलं असतं.

तीन. बसवण्याआधी पेन ड्राइव्हवरून ट्रिक्सीची लाइव्ह आवृत्ती चालवली. डिस्कला हात न लावता वायफाय, आवाज, स्कॅनर आणि मराठी कळफलक तपासता येतात. जे इथे चालत नाही, ते बसवल्यावर आपोआप चालेल असं धरू नका.

चार. मेमरी. ट्रिक्सीत तात्पुरत्या फायलींचा 'टीएमपी' फोल्डर मुळात मेमरीतच राहतो आणि गरज पडल्यास निम्म्यापर्यंत मेमरी घेऊ शकतो. मोठी पानं स्कॅन करताना दोन जीबी मेमरी अपुरी पडली असती, म्हणून चार केली. शिवाय मशीन बंद केलं की त्या फोल्डरमधलं सगळं जातं. तिथे काही ठेवायची सवय असेल तर आजच मोडा.

ज्यांचं मशीन आधीच ६४-बिट आहे आणि जे बारावर आहेत, त्यांना नव्याने बसवायची गरज नाही, अपग्रेड चालेल. पण अकरावर असाल तर आधी बारा, मग तेरा. मधली पायरी गाळता येत नाही. 'बूट'चा विभाग वेगळा असेल तर तो किमान ७६८ एमबी हवा आणि त्यात सुमारे ३०० एमबी मोकळे हवेत, कारण कर्नलची पॅकेजेस फुगली आहेत. बाहेरून जोडलेले सॉफ्टवेअरचे स्रोत आधी बंद करा. मग दोन टप्प्यांत जा: आधी नवीन पॅकेज न आणता होईल तेवढं अपग्रेड, नंतर पूर्ण अपग्रेड. दुसऱ्या टप्प्यात 'हो' म्हणण्याआधी लाल यादी वाचा. कामाचं काही त्यात दिसलं तर थांबा. आणि लॅपटॉप असेल तर चार्जर लावून, डेस्कटॉप असेल तर चालू यूपीएसवर. बॅटरी आदल्या दिवशी तपासा.

वहिनींच्या मशीनला सकाळी दहाला सुरुवात केली, जेवायच्या वेळेपर्यंत झालं. मग डिस्कवरून कागद परत आणले. वहिनींनी पहिलं पान उघडलं, चष्मा लावला आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "हे ह्यांच्याच हातचं. पान थोडं वाकडं ठेवायचे." मी चहा घेतला आणि घरी आलो.

घरी येऊन आईच्या उरलेल्या तीन फिती तिसऱ्या जागी ठेवल्या. हे काम मी दोन वर्षं पुढे ढकलत होतो.

तर प्रश्न होता, "टाकू का?" माझं उत्तर: टाका, पण ज्या दिवशी तुमची दुसरी प्रत दुसऱ्याच्या घरी पोचेल आणि तिथे उघडून पाहिली जाईल, त्यानंतरच्या रविवारी. पुढच्या भागात बूटचा विभाग लहान पडला तर काय करायचं ते पाहू. तोवर प्रती काढा. जय हिंद.